दगडाच्या दारावर तुझं नाव

किसन, परवा तुझी तेरवी आहे, आणि आज सकाळी वहिनी माझ्याकडे येऊन गेल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, पायरीवरच बसल्या. चहा दिला तो तसाच गार झाला. मांडीवर तुझी अवजारांची खाकी पिशवी होती. मी आपला उगीच इकडचं तिकडचं विचारत बसलो, पोरं कुठवर थांबणार, स्वयंपाकाला कोण आहे. त्या नुसत्या हूं हूं करत होत्या. शेवटी पिशवीतून छिन्नी काढून त्यांनी पायरीवर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्या दगडाच्या दारावरून ह्यायचं नाव काढून टाका. तेरवीच्या आत."

मी म्हणालो, उद्या सांगतो.

आयुष्यभर पोरांना सांगत आलो, उत्तर येत असेल तर हात वर करा, येत नसेल तर गप मान खाली घाला. मी मान खाली घातली. वहिनी निघून गेल्या, छिन्नी मात्र ठेवून गेल्या. ती अजून पायरीवरच पडली आहे, घरात आणायची हिंमत झाली नाही. म्हणून तुला लिहायला बसलो. तू वाचणार नाहीस हे कळतं मला. जिवंत होतास तेव्हा तरी कुठं वाचत होतास? चौथीत पाटी फेकून गेलास तो गेलासच.

सगळं खाजवून खरूज काढलेलं, आणि काढली ती मीच. विमल गेली तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. बायकोविना घर खायला उठायचं. आम्ही गोसावी. आमच्यात जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि मातीआड करतात. शेताच्या कडेला माझ्या बापाचा ओटा, आईचा ओटा, आणि त्यांच्या बाजूला विमलचा. रोज त्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून जाताना माझ्या मनात एकच यायचं, की ही इथं खाली बसून आहे, पूर्वेकडे तोंड करून, आणि वर नुसता सिमेंटचा चौथरा. आत काय, बाहेर काय, बोलायला एक फट नाही. हे मी कोणाला सांगणार? पोरीला, मीनाला सांगितलं असतं तर तिनं पुण्याहून पहिली गाडी धरली असती आणि मला डॉक्टरकडे नेलं असतं. तुला सांगितलं.

आणि मग मोबाइलवर तो फोटो दिसला. इजिप्तमधल्या जुन्या थडग्यातलं दगडी दार. एका घराण्याचं. मी मारेगावला जाऊन त्याची मोठी प्रत काढून आणली आणि तडक तुझ्या निंबाखाली आलो. तू कोणाच्या तरी झिजलेल्या पाट्याला छिन्नीनं टाकी लावत होतास. तू फोटो उलटा धरलास, मग सुलटा धरलास, आणि विचारलंस, दार आहे तर कडी कुठं आहे? मी म्हणालो, हे उघडत नाही. अख्खं एका शिळेत कोरलेलं आहे. चौकटीच्या आत चौकट, तिच्या आत आणखी चौकट, आणि मधोमध ही बोटभर खाच, तेवढंच दार. वर ही गोल दांडी आहे ना, ती गुंडाळलेली चटई. खाली जेवण ठेवायची जागा. मेलेला माणूस पश्चिमेकडून ह्या दारापर्यंत येतो, घरचे ठेवतील ते खातो आणि परत जातो. आणि बाजूच्या पट्ट्यांवर घरातल्या सगळ्यांची नावं.

तू फोटो मांडीवर ठेवलास. मग म्हणालास, "मास्तर, तू येडा झाला का बे? मेलेला मागं फिरू नये म्हणून लोक मसणातून येताना वळून पाहत नाहीत. अन् तू त्यायले दार करून देऊन राह्यला."

पण तुझं बोट त्या चौकटींवरून फिरत होतं. मी ते पाहिलं. कोरणारा पट्टीचा होता, असं तू पुटपुटलास. तिथंच मला कळलं की तू करणार.

मुकुटबनच्या पलीकडच्या बंद पडलेल्या खाणीतून तू तो पिवळट दगड निवडलास. ट्रॅक्टरवरून उतरवताना चार माणसं लागली. होळीनंतर काम धरलंस ते पोळ्यापर्यंत चाललं. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. रोज दुपारी मी येऊन बाजेवर बसायचो, पेपर वाचून दाखवायचो, तू घाव घालत राहायचास आणि मधूनच पुढाऱ्यांना अशी शिवी हासडायचास की मला चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे. अक्षरं मी खडूनं काढून द्यायचो आणि तू त्या रेघेवरून छिन्नी चालवायचास. माझ्या बापाचं नाव कोरून झालं तेव्हा तू त्याच्यावर फुंकर मारलीस, अन् सगळी धूळ तुझ्याच तोंडावर आली. केवढा हसलास. मग केवढा खोकलास.

खोकला तेव्हाच होता. मी एकदा म्हटलंही, तोंडाला फडकं बांध. तर म्हणालास, फडकं बांधलं की दगड काय म्हणते ते आयकू येत नाई. मी हसलो आणि पुढची बातमी वाचली. डॉक्टरनं तुला आदल्या वर्षीच सांगितलं होतं की छातीत दगडाची धूळ बसली आहे, आता छिन्नी खाली ठेव. हे तू मला सांगितलं नाहीस. वहिनींनाही माझ्यापाशी बोलू दिलं नाहीस. आता मी मोजत बसतो की त्यातली किती धूळ माझ्या दाराची होती. याला उत्तर नाही हे मला समजतं, पण सकाळी उठल्यावर पहिलं तेच डोक्यात येतं.

भांडण नावांवरून झालं. बापाचं, आईचं आणि विमलचं नाव कोरून झाल्यावर खाली एकच पट्टी उरली. मी म्हणालो, इथं माझं आणि मीनाचं. तिकडे असंच करायचे, जिवंत माणसांचीही नावं घालायचे, म्हणजे अख्खं घर एका ठिकाणी राहतं. तू छिन्नी खाली ठेवलीस. मला तुझा आवाज अजून ऐकू येतो. "मेलेल्याचं नाव म्हणजे आठवण, मास्तर. जित्याचं नाव म्हणजे बलावणं."

मग काय, मी मास्तर ना! मी तुला तासभर अंधश्रद्धेवर भाषण दिलं. विज्ञान काढलं, इतिहास काढला, तुझ्या बापाच्या लिंबू-मिरचीपासून सगळं काढलं. गाढवापुढं वाचली गीता, असंही म्हणालो वाटतं. तू ऐकून घेतलंस. मग आज छिन्नी बोथट आहे, उद्या दगड ओला आहे, परवा अंगात कणकण आहे, असे तुझे महिनाभर बहाणे चालले. माझं डोकं तापत गेलं. मीनाला एक पोरगी आहे, ती उद्या मोठी होऊन इथं येईल, आईचं नाव वाचेल, एवढंच माझ्या मनात होतं. तुला काय कळतंय त्यातलं, असं मी म्हणत होतो. मनातल्या मनात नाही, तोंडावर.

पोळ्यानंतर तू दार बसवलंस. ओट्यांच्या पश्चिमेला भिंत घेतलीस, तोंड पूर्वेला. ती शेवटची पट्टी तेवढी कोरी होती. मी दारावर सहज टकटक केलं तर कडेला ठस्स वाजलं आणि मधे पोकळ. मी विचारलं, मागं भरलं नाहीस का? तर तू अगदी सरळपणे सांगितलंस, दार आहे तर मागं जागा लागतेच ना, हातभर सोडली. फोटोत मागं नुसता डोंगर होता, किसन, जागा बिगा काही नव्हती. पण तू जन्मभर खरी दारं बसवलेली. ज्याच्या मागं काही नाही असं दार तुझ्या हातून झालंच नसतं. मी तुझी थट्टा केली. आता रात्री त्या हातभर जागेचा विचार आला की उठून दिवा लावतो.

त्या दारानं गावात काय झालं ते तुला माहीतच आहे. कापूस वेचायला येणाऱ्या बाया आधी आमच्या धुऱ्यावरून जायच्या. त्यातल्या एकीनं हसत हसत दार वाजवलं, कोणी आहे का घरात, म्हणून. तिच्या सासूनं तिचा हात असा खाली ओढला की बांगड्या फुटल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या नाल्याकडून वळसा घालून जायला लागल्या. शेजारच्याचे बैल तिथं अडतात असं लोक म्हणत. मी म्हणायचो, बैल माणसापेक्षा शहाणे, उन्हात सावली दिसली की थांबतात. मी विमलसमोर रोज भाकर आणि वरण ठेवायचो. परत जाईपर्यंत ताट स्वच्छ व्हायचं. कुत्री असणार, मुंगसं असणार. चाटल्याची खूण कधी दिसली नाही, पण मी वाकून पाहिलंही नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी सोनं घेऊन ओट्यांपाशी गेलो तर पट्टी भरलेली होती. माझं नाव नाही, मीनाचं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच नाव, किसन. खडू न आखता कोरलेलं, चौथीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं, आणि एवढं मोठं की बाजूला दुसरं काही मावणार नाही.

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खरं आहे. मी तसाच तरातरा तुझ्या घरी आलो. वहिनी उभ्या होत्या, तुझी थोरली सून उभी होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ते माझ्या घरच्यांचं दार आहे. तू आमच्यात कधीपासून आला बे?"

तू खाटेवर बसून होतास. श्वास लागला होता, मला वाटलं नाटक करतोयस. तू फक्त एवढं म्हणालास, खोडायचं असन तर खोड, पण पोरीचं घालू नको. मी तेही नीट ऐकलं नाही. माझ्या कानात माझाच आवाज घुमत होता.

पन्नास वर्षांची मैत्री तिथं थांबली. एकदा तू मुकुटबनच्या स्टँडवर दिसलास, खांबाला धरून खोकत होतास. मी पेपर तोंडासमोर धरला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसलं माझं. पुढच्या आठवड्यात बोलू, त्याच्या पुढच्या आठवड्यात बोलू, असं करत थंडी आली आणि एका सकाळी तुझ्या पोराचा फोन आला.

दहाव्याला नाल्यावर कावळा शिवला नाही. तू पाहिलं असशील, तर पाहिलं असशील. झाडावर पाच-सात कावळे होते, एकही खाली येईना. पोरांनी शपथा घेतल्या, आईला अंतर देणार नाही. भावानं धुऱ्याचा वाद सोडतो म्हणून कबूल केलं. सगळे आपापल्या परीनं तुझी इच्छा शोधत होते आणि मी मागं चपला हातात घेऊन उभा होतो. सगळ्यांत जास्त बोलायला मला होतं. माझं तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

आणि आज सकाळी छिन्नी पायरीवर ठेवल्यावर वहिनींनी मला तू ते नाव का कोरलंस ते सांगितलं. म्हणाल्या, कारागिरांत रीत आहे. नवी चौकट उभी केली की ती पहिल्यांदा बसवणाऱ्यानं ओलांडायची, घरधन्यानं नंतर. लाकडात, दगडात, जागेत काही वाईट असलं तर ते आधी कारागिराला लागावं, घरच्या लेकराबाळांना लागू नये. तू आयुष्यात बसवलेली प्रत्येक चौकट आधी ओलांडलीस. ह्या दाराला ओलांडायला वाटच नव्हती. मग तू वहिनींना म्हणालास, मास्तर काही आयकत नाई, पोरीचं नाव घालूनच राहीन तो. पोरगी माह्या मांडीवर खेळलेली हाय. मी आपलं पहिले जातो.

हे मला माहीत नव्हतं, किसन. मी तुला विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तरी मी भाषण दिलं असतं.

वहिनींचं म्हणणं वेगळंच होतं. त्या रडल्या नाहीत, रागात होत्या, आणि रागवायचा त्यांना अधिकार आहे. त्या म्हणाल्या, "मागं जागा सोडली ह्यायनं, अन् पुढं नाव घातलं. मंग कुठं जातीन ते? जन्मभर दुसऱ्याचे दारं बसवले. मेल्यावरही दुसऱ्याच्याच दाराशी बसून राहतीन काय?"

 बरोबर आहे त्यांचं. तुला मोकळं करायला हवं. पण मला भीती वाटते, ते तुलाच सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. नाव खोडलं की पट्टी कोरी होते. बलावणं तर जाऊन बसलं आहे आणि जागा रिकामी, आता ते मीनाला तर लागणार नाही ना? मी, इतिहासाचा मास्तर, आज दिवसभरात मीनाला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ती वैतागली. काही नाही बाबा, जरासा खोकला आहे, हवा बदलली आहे. जरासाच. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

काल इथवर लिहून थांबलो होतो. आता पुढचं.

आज सकाळी वहिनी आणि मी शेतात गेलो. मी छिन्नी लावली, तर पहिलाच घाव घसरून माझ्या अंगठ्यावर बसला. वहिनींनी काही न बोलता हातोडा काढून घेतला. चाळीस वर्षं तुझ्या बाजूला बसून पाटे-वरवंट्यांना टाकी लावलेली बाई ती. पदर तोंडाला घट्ट बांधला आणि एकेक अक्षर अलगद तासून काढलं, वरच्या नावांना ओरखडा न येऊ देता. तुझं नाव पुरतं जाईपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग त्यांनी तिथं कपाळ टेकलं आणि म्हणाल्या, चला आता, घरी चला. मला नाही म्हणाल्या, तुला म्हणाल्या. माझ्याकडे पाठ होती, तरी मी चार पावलं मागं सरलो.

मी म्हणालो, वहिनी, अजून एक काम आहे. खिशात खडू होता. मी त्या कोऱ्या पट्टीवर माझं नाव लिहिलं, शंकर. फळ्यावर लिहायचो तसं मोठं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना बोटभरही जागा ठेवली नाही. वहिनी पट्टीजवळ आल्या. त्यांनी विचारलं, कळते ना तुमाले, काय करून राह्यले ते? मी म्हणालो, कळतं. तुमच्या माणसाला कळत होतं तेवढंच कळतं.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कोरायला बसल्या.

मी दाराशी तोंड नेऊन तुला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. वहिनींना ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. तू आमच्यातलाच होतास, किसन. माझ्या घरात माझ्या पोरीसाठी इतकं दुसऱ्या कोणी केलं नाही, मीही नाही. मला माफ करू नकोस हवं तर, पण तिथं थांबू नकोस. पुढचं मी पाहतो. आतून काही आलं नाही. यायचं नव्हतंच. माझे हात मात्र कोपरापर्यंत गार पडले होते, एवढं ऊन असून.

छिन्नीखालची धूळ पिवळी उडत होती. वहिनींनी दोनदा खुणेनं सांगितलं, रुमाल धरा, मागं सरा. मी सरलो नाही. शेवटचं अक्षर होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

घरी येऊन हातपाय धुतले आणि मीनाचा फोन आला. एकदम बरी होती. सकाळपासून खोकला नाही म्हणे, उगाच काळजी करता तुम्ही, पोरीला घेऊन उन्हाळ्यात येते. मी हो हो म्हणत होतो. मग ती बोलता बोलता थांबली आणि तिनं विचारलं, बाबा, तुम्ही का खोकताय?

म्हटलं, काही नाही गं, धूळ आहे जराशी.